बाळाचं पातेलं

उमाक्काचा आवाज अहमदपूरच्या एसटी स्टँडपर्यंत ऐकू येतो असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. स्टँड त्यांच्या भांड्यांच्या दुकानापासून बराच लांब. पण अक्का कुणावर सुरू झाल्या की बाजारपट्टीच्या त्या टोकाचा भाजीवाला तराजू खाली ठेवून कान देतो, एवढं मात्र खरं आहे.

नाव उमादेवी. नवऱ्याचं नाव शिवमूर्ती. दुकान नवऱ्याच्या वडिलांनी काढलेलं, चालवलं मात्र अक्कांनी. शिवमूर्ती गरीब स्वभावाचा माणूस. गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसून भांड्यांवर नावं घालणं हे त्याचं काम. हातात ते गुरगुरणारं मशीन धरलं की त्याचं अक्षर असं उमटायचं, की शाळेचे मास्तर लोकसुद्धा थांबून बघायचे. लग्नाचा आहेर असो, रुखवत असो, घरभरणी असो, आपल्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं देतात होय? देणाऱ्याचं नाव नसलेला तांब्या म्हणजे चोरीचा तांब्या, असं अक्का गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायच्या.

बाळाच्या पातेल्याची रीतही त्यांचीच. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, आणि बाळ घेऊन सासरी निघते तेव्हा तिच्यासोबत पाळणा, दुपटी, अंगडी-टोपडी जातात. अक्कांनी त्यात एक पातेलं घुसडलं. ओतीव, जाड बुडाचं, जर्मनचं. आमच्याकडे ॲल्युमिनियमला अजून जर्मनच म्हणतात. त्यावर बाळाचं नाव घालायचं आणि खाली ‘आजोळकडून’. बाळाची पेज, मऊ भात, वरण, सगळं त्यातच शिजवायचं. “इस्टीलात खाली लागतं, लेकराला करपट वास येतो,” असं अक्का सांगायच्या आणि बाया मान डोलवायच्या. सहा-सात वर्षांत ही रीत इकडे शिरूर अनंतपाळपर्यंत आणि तिकडे मुदखेडपर्यंत पोचली. जणू काही पूर्वजांपासून चालत आलीय अशी. तिला एक पोटनियमही चिकटला, तो मात्र बायांनी आपणहून जोडला. बाळाच्या नावाचं पातेलं कधी मोडीत घालायचं नाही. लेकराच्या नावाची मोड होते म्हणे.

हा पोटनियम ऐकून अक्का तेव्हा खूश झाल्या होत्या. आपला माल लोक जिवापाड जपतात म्हटल्यावर कोण खूश होणार नाही?

अक्कांची लेक सुकन्या नांदेडला दिलेली. तिची मुलगी मंजुश्री साडेचार वर्षांची. ह्या पोरीने आजीचं तोंड घेतलं होतं, बोलायला लागल्यापासून घर डोक्यावर घ्यायची. तिच्या पातेल्यावरचं नाव शिवमूर्तीने अगदी ठळक घातलं होतं. तीन वर्षांची असताना ती पातेलं पालथं घालून पहिल्या अक्षरावर बोट फिरवायची आणि ओरडायची, “म! म माझा!” शिवमूर्तीच्या डोळ्यांत पाणी यायचं. अक्का म्हणायच्या, पोरगी कलेक्टर होणार.

मग पोरगी सुकायला लागली. पोट दुखतं म्हणून गडाबडा लोळायची. तोंड पांढरंफटक पडलं. खाल्लेलं अंगी लागेना. रक्तवाढीचं औषध दिलं, जंताचं दिलं, दृष्ट काढली, मठातल्या स्वामींचा भस्माचा आशीर्वाद झाला. काही फरक नाही. चिडायची, चावायची, आणि बालवाडीतल्या बाईंनी एकदा सुकन्याला बाजूला घेऊन सांगितलं, की हिला येत होती ती अक्षरं हिला आता येत नाहीत. सुकन्याने घरी येऊन पातेलं पुढे ठेवलं आणि विचारलं, “हे काय गं मंजू?” मंजूने बोट ठेवलं. बराच वेळ बघितलं. मग पातेलं ढकलून दिलं आणि रडायला लागली.

नांदेडच्या एका लेकरांच्या डॉक्टरीणबाईंनी शेवटी वेगळीच रक्ततपासणी करायला लावली. रक्तात शिसं निघालं. थोडंथोडकं नाही, चांगलंच. बाईंनी एकेक विचारलं. घरात बॅटरीचं काम कोण करतं का, भिंतीचा जुना रंग निघतोय का, काजळ-सुरमा कुठला, भांडी कुठली. भांड्यांचं नाव निघताच सुकन्याला हसू आलं होतं. तिचं माहेरच भांड्यांचं. पण बाईंनी ऐकलं नाही. मंजूला चिंचेचं वरण भारी आवडतं हे कळल्यावर तर त्यांनी पातेलं मागूनच घेतलं आणि हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे त्यात चिंचेचं पाणी उकळून पाहिलं. त्या पाण्यात शिसं उतरलं होतं. आंबट जितकं जास्त शिजेल तितकं जास्त उतरतं, असं बाईंनी सांगितलं.

सुकन्याने फोन केला तेव्हा अक्का दुकानात एका बाईला तसलंच पातेलं दाखवत होत्या. फोनवर लेक रडत नव्हती, तेच वाईट होतं. ती एवढंच म्हणाली, “अव्वा, तू दिलेल्या पातेल्यानं झालंय हे.” अक्कांनी फोन ठेवला. गिऱ्हाइकाच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि म्हणाल्या, “हे इकायचं न्हाई.” बाई म्हणाली, मग ते वरचं दाखवा. अक्का ओरडल्या, “एकबी इकायचं न्हाई! जा तुमी!”

दुसऱ्याच दिवशी अक्का नांदेडला गेल्या. डॉक्टरीणबाईंना त्यांनी एकच विचारलं, पोरगी पहिल्यासारखी होईल का? बाई खोटं बोलल्या नाहीत. भांडं बंद झालं, औषधपाणी, खाणंपिणं नीट झालं की शिसं कमी होत जाईल, पोट सुधारेल, रक्त भरेल. डोक्याचं मात्र सांगता येत नाही, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. अक्कांना वाटलं, आपण इथेच खाली बसावं आणि छाती बडवून घ्यावी. पण त्या बसल्या नाहीत. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि अशी आग घेऊन माणसाला बसवत नाही. तिथून तडक लातूरची बस धरली.

लातूरच्या बाहेर शिवमूर्तीच्या मावसभावाचा, गुरुपादप्पाचा ओतकामाचा कारखाना होता. पातेली तिथूनच यायची. अक्कांनी इतक्या वर्षांत कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं. माल घरपोच यायचा, माणूस घरातला, बघायचं काय त्यात? आज बघितलं. पत्र्याच्या शेडमध्ये भंगाराचा ढीग. इंजिनाचे तुकडे, खिडक्यांच्या पट्ट्या, जुने रेडिएटर, आणि त्यांच्यातच फुटक्या बॅटऱ्यांची शिशाची टोकं. सगळं एकाच भट्टीत जात होतं.

“ह्येचं पातेलं करता व्हय भावजी?” अक्कांनी विचारलं.

गुरुपादप्पा कपाळाला विभूती लावून खुर्चीत बसलेला. हसला. “वैनी, अग्नीला इटाळ न्हाई. वितळलं की समदं शुद्ध व्हतंय.”

“माझ्या नातीच्या रक्तात शिसं निघालंय.”

“लेकरं काय बी तोंडात घालत्येत. माझ्याकडून इतकी दुकानं माल नेऊन राह्यली, आजवर कोण मेलं? सांगा की. आन् वैनी, एक बोलू का? पातेल्यावर माझं नाव न्हाई. तुमच्या दुकानाचं हाय.”

हे मात्र खरं होतं. शिवमूर्तीच्या मोत्यासारख्या अक्षरात, प्रत्येक पातेल्याच्या बुडाशी दुकानाचं नाव होतं. गुरुपादप्पाने विष ओतलं आणि सही अक्कांची घेतली. अक्कांनी त्याला त्या शेडमध्ये काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कामगार भट्टी सोडून दाराशी येऊन उभे राहिले होते.

घरी आल्यावर शिवमूर्ती म्हणाला, “हळू बोल. माल इकायचा बंद करू. पण गावभर बोंब कशाला? दुकानाची पत जाईल.”

“मंजूचं डोकं गेलं, तुमी पत धरून बसा,” अक्का म्हणाल्या. त्या रात्री दोघं एका घरात जेवली, पण एका ताटाला बसली नाहीत.

आता खरी कथा सुरू होते, म्हणजे सरकारी. अक्कांचा सरळ हिशोब होता. दुधात पाणी घातलं तर सरकार धरतं, मिरचीत विटेची भुकटी घातली तर धरतं, मग पातेल्यात शिसं घातलं तर धरायलाच पाहिजे. पिशवीत मंजूचं पातेलं आणि प्रयोगशाळेचा कागद घालून त्या निघाल्या. खाण्याच्या भेसळीचं बघणाऱ्या ऑफिसात साहेब म्हणाले, बाई, आम्ही खाण्याचं बघतो, भांड्याचं नाही. मालावरच्या शिक्क्याचं बघणारे म्हणाले, शिक्का असलेला माल असेल तर आम्ही तपासू, ह्याच्यावर तर शिक्काच नाही. म्हणजे शिक्का मारून चोरी केली तर गुन्हा, बिनशिक्क्याची केली तर मोकळं रान! उद्योगांची नोंद ठेवणाऱ्यांनी सांगितलं, नोंदणी व्यवस्थित आहे. वजनमापाच्या माणसाने तर पातेलं चक्क तराजूत ठेवलं आणि म्हणाला, वजन बरोबर भरतंय, तुमची तक्रार काय आहे? अक्कांनी पातेलं तराजूतून उचलून घेतलं. विष बरोबर मापाचं होतं, तर तक्रार कशाची!

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं म्हणतात. इथे दळणाराही डोळस होता आणि त्याला कुत्रंही दिसत होतं. फक्त कुत्र्याला हाकलणं त्याच्या कामात बसत नव्हतं. प्रत्येक साहेब सौजन्याने बोलला. कुणी चहासुद्धा विचारला. अक्कांना त्या सौजन्याचाच जास्त संताप यायचा. कुणी हाकलून दिलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

परत त्या खाण्याच्या ऑफिसातच गेल्या, ह्या वेळी वरच्या साहेबांकडे. साहेबांनी कागद वाचला. म्हणाले, “हा खाजगी रिपोर्ट आहे. आम्ही स्वतः तपासल्याशिवाय भांडं वाईट आहे असं म्हणता येत नाही.”

“मंग तपासा.”

“तपासायचं तर आमच्या माणसाने रीतसर नमुना घ्यायला हवा. भांड्याचा नमुना घ्यायचा का, हा प्रश्न वर पाठवावा लागेल.”

“म्हंजे तवर ह्ये चांगलं भांडं हाय?”

“तसं… वाईट आहे असं आम्ही म्हणू शकत नाही.”

अक्कांनी मान हलवली आणि निघून गेल्या. साहेबांना वाटलं, पीडा टळली. पण त्यांनी उमाक्का पाहिल्या नव्हत्या. दोन दिवसांनी अक्का परत आल्या त्या दुकानातलं कोरं पातेलं आणि नावं घालायचं मशीन घेऊन. कुणाला न विचारता त्यांनी भिंतीतल्या सॉकेटमधून साहेबांच्या मोबाइलचा चार्जर काढला आणि मशीनची वायर खोचली. ऑफिसात गुर्रर्र असा आवाज झाला तशी शेजारच्या खोलीतली माणसं आत आली. अक्कांचं अक्षर नवऱ्यासारखं नाही, कोंबडीचे पाय आहेत. पण वाचता येत होतं. दारावरच्या पाटीवरून बघून त्यांनी साहेबांचं अख्खं नाव पातेल्यावर घातलं, आणि खाली लिहिलं, ‘घरच्या लेकरांच्या वरणासाठी’.

“हे काय चाललंय?” साहेब उभे राहिले.

“तुमाला भेट आणलीय. चांगलं भांडं हाय, तुमीच बोललात. आज रातच्याला ह्यात चिंचेचं वरण करा. नातवंडं हायेत का? त्यास्नी वाढा.”

अक्कांनी पातेलं टेबलावरून त्यांच्याकडे सरकवलं. साहेबांनी हात मागे घेतला. सगळ्यांनी तो हात मागे गेलेला पाहिला.

“आम्हाला भेटी घेता येत नाहीत,” साहेब कसंबसं म्हणाले.

“भेट म्हून घेता येत न्हाई व्हय? मंग नमुना म्हून घ्या!” अक्कांचा आवाज आता स्टँडपर्यंत गेला असता. “माझ्या नातीला म यायचा. आता येत न्हाई. तुमच्या नियमात त्यो कुठं बसतोय, त्ये मला दावा! हात कामून मागं घेतला, त्ये सांगा! तुमच्या हाताला कळतंय, मंग तुमच्या हापिसाला कामून कळंना?”

पातेलं नमुना म्हणून घेतलं गेलं. त्यावर सील लागलं, लाख लागली, साहेबांच्या स्वतःच्या नावावर.

इतकं झाल्यावर पुढे काय घडलं? जे घडतं तेच. पथक लातूरला पोचेपर्यंत गुरुपादप्पाच्या शेडला कुलूप होतं. भट्टी थंड, भंगार गायब. महिन्याभरात उदगीरकडे दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने शेड उभी राहिल्याचं अक्कांच्या कानावर आलं. त्यांनी तेही साहेबांना कळवलं. साहेबांनी ह्या वेळी खरंच वर लिहिलं होतं, असं म्हणतात. वर म्हणजे किती वर, हे कुणाला माहीत नाही. भांड्यात शिसं किती चालेल आणि ते कुणी बघायचं, ह्या दोन गोष्टींचं उत्तर आलं नाही, आणि आधीच विकलेला माल परत कुणी आणायचा, ह्या तिसऱ्या गोष्टीवर तर कुणी तोंडच उघडलं नाही. अक्कांना मात्र तीच गोष्ट झोपू देत नव्हती. पातेली घराघरांत होती. ह्या वेळी कुणाच्या तरी चुलीवर वरण उकळत होतं.

मग त्यांनी दुकानासमोर पाटी लावली. ‘आमच्या दुकानातलं बाळाचं पातेलं परत आणा. त्यात शिसं आहे, लेकरांना विष आहे. बदली स्टीलचं न्या.’ शिवमूर्तीला ती पाटी लिहायला सांगितली तर तो उठून आत गेला. अक्कांनी आपल्या कोंबडीच्या पायांनी लिहिली.

बाजाराच्या दिवशी बाया आल्या, पण पातेल्यांवर पदर घालून आल्या. कुणी नुसतंच विचारून गेल्या. शिसं निघालं तर घासून जात नाही का? चिंच घातली नाही तर चालतं का? स्टीलचं पाहिजे होतं, पण जुनं सोडवत नव्हतं. अक्का सांगून सांगून घसा बसवून घेत होत्या. परत आलेलं पातेलं तसंच ठेवलं तर भंगारवाला नेणार आणि ते पुन्हा भट्टीत जाणार, म्हणून घेतल्या घेतल्या ते फोडायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. हातोडा, छिन्नी पायरीवर ठेवली होती. त्या हातोड्याकडे बघूनच बाया मागे सरत होत्या.

शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातून केवळाबाई आल्या होत्या. पांढऱ्या केसांची शेतकरी बाई. सुनेच्या बाळंतपणात व्याह्यांनी दिलेलं पातेलं छातीशी धरलेलं. त्यावर नाव, चि. आदिनाथ. अक्कांनी हात पुढे केला तशी त्या दोन पावलं मागे गेल्या.

“न्या म्हनलं तर नेते इस्टीलचं. पर ह्ये फोडू देनार न्हाई. लेकराचं नाव हाय त्येच्यावर. नावावर हातोडा घालत्येत का कुठं?”

“मावशी, त्या नावाच्या लेकरालाच खातंय ह्ये.”

“त्येचं पोट दुखतंय अधूनमधून. दुसरं काय न्हाई,” केवळाबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला. पण पातेल्यावरचे हात सुटले नाहीत. मागच्या बाया कुजबुजायला लागल्या. हाव बाई, नाव फोडणं चांगलं न्हाई. एकीने आपलं पातेलं पुन्हा पिशवीत घातलं.

अक्कांना संताप आला. आधी बायांचा, मग गुरुपादप्पाचा, मग त्या सगळ्या चहा विचारणाऱ्या साहेबांचा, आणि फिरून फिरून स्वतःचा. ही रीत कुणी लावली होती? त्यांनी. आता तीच रीत दारात छातीशी पातेलं धरून उभी होती. त्या आत गेल्या. मंजुश्रीला घेऊन सुकन्या त्या आठवड्यात माहेरी आली होती. आतल्या फडताळात मंजूचं पातेलं ठेवलं होतं, प्रयोगशाळेतून परत आलेलं. अक्का ते घेऊन बाहेर आल्या आणि पायरीवर पालथं ठेवलं. चि. मंजुश्री, आजोळकडून. सगळ्यांना दिसेल असं.

एका हाताने छिन्नी नावावर धरली, दुसऱ्याने हातोडा उचलला. पातेलं पायरीवरून घसरायला लागलं.

शिवमूर्ती स्टुलावरून उठला. त्या भांडणाच्या रात्रीनंतर त्याने ह्या बाबतीत तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. तो पायरीवर उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी पातेलं घट्ट धरलं.

“माझं अक्षर हाय त्ये,” तो म्हणाला. “मीच धरतो. तू मार.”

अक्कांनी पहिला घाव घातला तो बरोबर ‘म’वर. ओतीव धातू ठिसूळ असतो, चीर लगेच पार गेली. दुसऱ्या घावाला आत भोक पडलं. दारात सुकन्या तोंडाला पदर लावून उभी होती आणि तिच्या पायाशी मंजू त्या आवाजाकडे बघत होती. रडली नाही. तो आवाज कशाचा आहे हे तिला कळलं नसावं.

अक्का उठल्या. गालावरचे अश्रू पुसायचंही त्यांना भान नव्हतं. “माझ्या नातीचं नाव फोडलंय मी,” त्या बायांना म्हणाल्या. “माझी नात तिथं बसलीय, बघा. नाव गेलं म्हून ती जाणार न्हाई. पातेलं ऱ्हायलं असतं तर गेली असती. आता तुमचं आणा.”

मग केवळाबाई पुढे आल्या. पातेलं पायरीवर ठेवलं, नावावरून एकदा हात फिरवला, आणि डोळे मिटून घेतले.

“फोड बाई. माझ्याच्यानं बघवत न्हाई.”

“मिटू नका, मावशी,” अक्का म्हणाल्या आणि छिन्नी ‘आ’वर धरली. “बघा.”